जमत नाहीये? मग परत वर!

छोटं विमान उडवणं त्या मानाने सोपं. खरी परीक्षा ते खाली आणताना! लँडिंगच्या वेळी नेमकं काय चुकतं, हे बघायला मी एका फ्लाइंग स्कूलच्या धावपट्टीवर जाऊन आले. कारण तिथे माझा सख्खा भाऊ उतरायला शिकतोय...

"टायर फुटला गं. बाकी काही नाही."

दादाचा हा मेसेज आला तेव्हा मी अंधेरीतल्या एका कॉफी शॉपमध्ये लॅपटॉप उघडून बसले होते. पाचची डेडलाइन, गार झालेली कॅपुचिनो आणि 'ऑफिस वेअर'वरचा अर्धवट लेख. टायर काय, कुणाचाही फुटतो. एक्स्प्रेस वेवर रोज फुटतात. मी अंगठा पाठवला आणि पुन्हा लिननच्या शर्टांकडे वळले.

दहा मिनिटांनी दादाच्या बॅचमेटकडून एक फोटो आला. छोटंसं पांढरं विमान, नाक जमिनीला टेकलेलं, शेपटी वर. पुढचं चाक मुडपून पोटाखाली गेलेलं. प्रोपेलरची पाती टोकाशी मागे वळलेली, कुणीतरी चमचा वाकवावा तशी. आणि बाजूला कमरेवर हात ठेवून, मान खाली घालून उभा असलेला माझा भाऊ.

मी फोन लावला. "दादा, याला टायर फुटला म्हणतात?"

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग हळूच, "आईला सांगू नकोस."

कोडिंग ते कॉकपिट

आमचा दादा म्हणजे टिपिकल डोंबिवलीचा हुशार मुलगा. इंजिनीअरिंग, कॅम्पस, हिंजवडी, दोन वर्षांत टीम लीड. सगळं कसं 'सेट'! आणि मग तिशीला टेकता टेकता एक दिवस त्याने घरी जाहीर केलं की मी नोकरी सोडतोय, मला पायलट व्हायचंय. बाबा म्हणाले, "विचार कर." आई काहीच म्हणाली नाही. फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी साठवलेले पैसे फीमध्ये गेले, वर बँकेचं कर्ज. कमर्शियल पायलटच्या लायसन्ससाठी आपल्याकडे २०० तास उड्डाण लागतं आणि त्यातल्या प्रत्येक तासाचं बिल येतं.

'टायर फुटला' तेव्हा त्याचे पन्नासेक तास झाले होते. विमानात तो एकटाच होता. त्याला खरचटलंसुद्धा नाही. चौकशी झाली, काही दिवस त्याचं उडणं बंद राहिलं, मग इन्स्ट्रक्टरबरोबर पुन्हा सुरू झालं. आता त्याला परत एकट्याने विमान द्यायचं की नाही, ते ठरायचं होतं. आणि फोनवर तो हल्ली जेवणाबद्दलच बोलायचा. विमानाबद्दल अवाक्षर नाही.

मी ठरवलं, जाऊन बघायचं. दादा 'स्टोरी' म्हणून बोलेल, बहीण म्हणून विचारलं तर बोलणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. स्कूलच्या चीफ इन्स्ट्रक्टरना फोन केला. एअर फोर्समधून रिटायर झालेले गृहस्थ. त्यांची अट एकच. शाळेचं नाव छापायचं नाही आणि 'थरारक' हा शब्द वापरायचा नाही. (सर, हा एकदाच वापरला. सॉरी!)

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. बड्या लोकांची चार्टर जेट्स हा वेगळा विषय. मी बोलतेय ती दोन ते चार सीटची, एका इंजिनाची, पुढे पंखा असलेली विमानं. शिकाऊ मुलं शिकतात ती, आणि परदेशात डॉक्टर-वकील मंडळी वीकएंडला हौसेने उडवतात ती.

महिनाअखेरचं गणित

या जमातीतलं सगळ्यात फेमस विमान म्हणजे सेसना १७२. १९५६ साली बाजारात आलं आणि आजपर्यंत ४४ हजारांहून जास्त बनलं. जगात दुसरं कुठलंही विमान इतक्या संख्येने बनलेलं नाही. माणसं आणि पेट्रोलसकट वजन सव्वा टनाच्या आत, म्हणजे साधारण आपल्या सेदान गाडीएवढं. पंखांचा विस्तार ११ मीटर. जवळून बघितलं तर पत्र्याला हात लावायची भीती वाटते.

"हे हवेत जायला उत्सुकच असतं," सर म्हणाले. "थ्रॉटल पुढे करा, वेग आला की स्वतःच वर जाईल. खाली येताना मात्र सगळं तुम्हाला करावं लागतं."

करायचं काय, तर विमानाकडे दोन गोष्टी शिल्लक असतात, उंची आणि वेग. त्या दोन्ही हळूहळू खर्च करत आणायच्या आणि धावपट्टीच्या सुरुवातीला, चाकं टेकतील त्या क्षणी, दोन्ही संपल्या पाहिजेत. आपला पगार बरोबर एकतीस तारखेच्या रात्री बारा वाजता शून्यावर यावा, एक रुपया उरायला नको आणि एक रुपया उधार नको, तसं! जमतं का कधी?

उंची उरली तर धावपट्टी पायाखालून निघून जाते. वेग उरला तर आणखी गंमत. जमिनीच्या अगदी जवळ, साधारण पंखांच्या लांबीइतक्या उंचीच्या आत आलं की हवेचा अडथळा कमी होतो आणि विमान तरंगायला लागतं. याला 'ग्राउंड इफेक्ट' म्हणतात. खाली धावपट्टी सरकतेय, समोरचं कुंपण जवळ येतंय आणि विमान काही टेकायला तयार नाही. वेग फक्त दहा टक्के जास्त असला तरी जिरवायची ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते. (दहावीचं फिजिक्स अखेर कामी आलं!)

आणि वेग कमी पडला तर? पंखांना उचलून धरायला पुरेशी हवा मिळत नाही. विमान 'स्टॉल' होतं. गाडीसारखं इंजिन बंद पडत नाही. पंख काम करायचे थांबतात. फार उंचावर असाल तर नाक खाली घालून वेग परत मिळवता येतो. जमिनीपासून दोनशे फुटांवर असाल तर तेवढी जागाच नसते.

सेसना १७२ शेवटच्या टप्प्यात ६० ते ६५ नॉट्सवर आणतात, म्हणजे ताशी ११० ते १२० किलोमीटर. एक्स्प्रेस वेवरच्या गाडीचा वेग. फरक इतकाच की इथे लेन हवेत असते आणि बाजूने वारा ढकलत असतो. या विमानाच्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा आकडा दिलाय तो १५ नॉट्स, ताशी २८ किलोमीटर. चाचणीत इतक्या आडव्या वाऱ्यात ते उतरवून दाखवलंय, एवढाच त्याचा अर्थ. नवशिक्यांसाठी शाळा त्याहून बरीच कमी मर्यादा ठेवते.

त्यात आपल्याकडचं ऊन! तापलेली हवा विरळ असते. मीटरवर वेग तोच दिसला तरी जमिनीवरून विमान प्रत्यक्षात जास्त जोरात धावत असतं. दुपारी तापलेल्या शेतांवरून हवेचे भपकारे उठतात, धावपट्टीवर येता येता विमान पतंगासारखं हलतं. म्हणून शिकाऊ मुलांची गर्दी सकाळी सकाळी. पावसाळ्यात तर कित्येक दिवस नुसतं ढगांकडे बघत बसायचं.

मी तीनदा मेले!

सरांनी मला सिम्युलेटरवर बसवलं. म्हणजे एक खुर्ची, कंट्रोल व्हील, पायाशी पेडल्स आणि समोर तीन स्क्रीन. "बघा उतरवून."

पहिल्या वेळी मी धावपट्टीच्या अलीकडच्या शेतात गेले. दुसऱ्या वेळी पलीकडच्या. तिसऱ्या वेळी मात्र चाकं चक्क धावपट्टीवर टेकली. मी "येस्स!" म्हणून ओरडणार तोच विमान टुणकन उडालं. नाक वर, समोर फक्त आकाश. मी घाबरून कंट्रोल पुढे दाबलं. नाक धाडकन खाली, पुढचं चाक आधी आपटलं, पुन्हा उडालं, आता आणखी उंच. मी पुन्हा दाबलं. तिसऱ्या आपटीला स्क्रीन लाल झाला.

"हेच," मागून दादाचा आवाज आला. तो कधी येऊन उभा राहिला होता, कळलंच नाही. "अगदी हेच झालं माझं."

यालाच 'बाउन्स' म्हणतात. छोट्या विमानांच्या लँडिंग अपघातांत हा नेहमीचा पाहुणा. मागची दोन चाकं दणकट असतात, विमानाने आधी त्यांच्यावर टेकायचं असतं. पुढचं चाक त्या मानाने नाजूक. ते आधी आपटलं की विमान चेंडूसारखं उसळतं. माणूस घाबरून नाक खाली दाबतो, पण हाताची हालचाल आणि विमानाची हालचाल यांचा मेळ बसत नाही. प्रत्येक उसळी आधीपेक्षा वाईट. दुसऱ्या-तिसऱ्या आपटीला पुढच्या चाकाचा दांडा मोडतो आणि प्रोपेलर जमीन खणायला लागतो. दादाच्या फोटोतली वाकलेली पाती म्हणजे तीच सही.

आता यातली दिलाशाची गोष्ट. छोटी विमानं जगात सगळ्यात जास्त आहेत अमेरिकेत आणि तिथले सुरक्षा अहवाल वर्षानुवर्षं एकच चित्र दाखवतात. पायलटच्या चुकीने होणारे अपघात सगळ्यात जास्त लँडिंगला होतात, पण त्यात माणसं दगावण्याचं प्रमाण खूप कमी असतं. कारण साधं आहे. वेग कमी, उंची नाही, आणि मदत धावपट्टीच्या कडेलाच उभी. विमान मोडतं, इगो मोडतो, माणूस बहुतेक वेळा चालत बाहेर येतो.

जिवावर बेततं ते त्याआधीच्या वळणावर. धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी विमान शेवटचं वळण घेतं. समजा, वळायला उशीर झाला आणि रेषा ओलांडून गेली. मग माणूस ती पकडायला विमान जास्तच तिरकं करतो आणि उंची राखायला नाक वर ओढतो. इथेच घात. पंख ४५ अंशांत कलले की स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. म्हणजे सरळ उडताना जो वेग सेफ होता, तोच वळणात अपुरा पडतो. एक पंख आधी खचतो, विमान गिरकी घेतं, आणि खाली जागा नसते.

"आणि हे सगळं का? तर रेषा चुकली हे कबूल करायचं नसतं," सर म्हणाले.

इंडियाना जोन्सची दोन लँडिंग्ज

या विषयावर बोलताना एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. हॅरिसन फोर्ड! आपला इंडियाना जोन्स, हान सोलो. पडद्याबाहेर हा माणूस अनुभवी पायलट आहे आणि छोट्या विमानांचा शौकीन.

५ मार्च २०१५. फोर्ड तेव्हा ७२ वर्षांचा. लॉस एंजेलिसजवळच्या सँटा मोनिका विमानतळावरून त्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं एक जुनं ट्रेनर विमान उडवलं, रायन पीटी-२२. उडाल्यावर थोड्याच वेळात इंजिनाने दम सोडला. तो परत धावपट्टीकडे वळला, पण तिथवर पोचणं होणार नाही हे त्याच्या लक्षात आलं. आजूबाजूला दाट वस्ती. मोकळी जागा एकच, पेनमार गोल्फ कोर्स. त्याने तिथे विमान टेकवलं. वाटेत झाडाच्या शेंड्याला घासलं, विमान आपटलं, त्याला चांगलंच लागलं. गोल्फ खेळायला आलेला एक स्पाइन सर्जन धावत मदतीला गेला. जमिनीवर कुणालाही काही झालं नाही. पुढे तपासात निघालं की कार्ब्युरेटरमधला एक भाग ढिला होऊन इंजिनाला नको तितकं पेट्रोल जात होतं.

आता दुसरं लँडिंग. १३ फेब्रुवारी २०१७, जॉन वेन विमानतळ, कॅलिफोर्निया. फोर्ड स्वतःच्या छोट्या हस्की विमानात. टॉवरने त्याला धावपट्टीवर उतरायची परवानगी दिली. तो उतरला शेजारच्या टॅक्सीवेवर, म्हणजे विमानं जमिनीवरून ये-जा करतात त्या रस्त्यावर. आणि उतरताना गेला एका प्रवासी विमानाच्या डोक्यावरून. बोइंग ७३७, आत ११० प्रवासी. नंतर त्यानेच टॉवरला विचारलं की ते विमान माझ्या खाली असायला हवं होतं का? मग फोनवर नावनिशी चूक कबूल केली. चौकशी झाली, दंड नाही, थोडं ट्रेनिंग पुन्हा घ्यायला लावलं.

आता तुम्ही सांगा, यातलं 'खराब' लँडिंग कुठलं?

पहिल्यात विमानाचा चुराडा, माणूस हॉस्पिटलमध्ये. दुसऱ्यात एक ओरखडाही नाही. पण मी सरांना हे विचारलं तेव्हा त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "पहिलं उत्तम. धावपट्टी मिळणार नाही, हे त्याने वेळेत मान्य केलं. नाक ओढून विमान तिथपर्यंत ताणायचा मोह टाळला. दुसरं नशिबाने निभावलं."

चुकीच्या जागी उतरायचा मान फोर्डचा एकट्याचा नाही बरं का. आपली मुंबईही यात मागे नाही! सांताक्रूझ समजून जुहूला उतरलेली मोठमोठी विमानं आहेत. १९५३ च्या जुलैमध्ये ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेट जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं. १९७२ च्या सप्टेंबरमध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ तिथेच उतरलं आणि धावपट्टी संपल्यावर पुढे निघून गेलं. सुदैवाने दोन्ही वेळा कुणाचा जीव गेला नाही. जुहू म्हणजे आपल्याकडच्या छोट्या विमानांचं माहेर. १९२८ मध्ये तिथे बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि १९३२ मध्ये जेआरडी टाटा टपाल घेऊन कराचीहून तिथेच उतरले, एकटे, छोट्याशा पस मॉथ विमानात. या दोन्ही जेटना मात्र ती माहेरची वाट परवडणारी नव्हती. समोर धावपट्टी दिसली की ती 'आपलीच' वाटते. डोळ्यांना जे हवं असतं तेच दिसतं.

'आलोच आहोत तर...'

इथे खऱ्या मुद्द्यावर येते. बाउन्स झाला, वेग जास्त झाला, रेषा चुकली, वारा वाढला. या सगळ्यांवर औषध एकच आहे आणि ते प्रत्येक विमानात असतं. थ्रॉटल पूर्ण पुढे, नाक सावरा, वेग घ्या, फ्लॅप्स टप्प्याटप्प्याने वर आणि पुन्हा आकाशात. एक चक्कर मारा, परत या. याला म्हणतात 'गो-अराउंड'. बिल येतं फक्त सहा-सात मिनिटांच्या पेट्रोलचं.

मग लोक करत का नाहीत?

मला वाटलं, ही नवशिक्यांचीच भानगड असेल. पण फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेने एअरलाइन्सच्या पायलटांचा अभ्यास केला, त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. नियम स्पष्ट आहे की खाली येताना वेग, उंची, दिशा ठरलेल्या मर्यादेत नसेल तर परत वर जायचं. प्रत्यक्षात अशा बिघडलेल्या वेळी वर जाणारे होते जेमतेम तीन टक्के. बाकी ९७ टक्क्यांनी 'होईल मॅनेज' म्हणून लँडिंग रेटलं. त्यातली बहुतेक निभावतात. तीच तर पंचाईत! निभावलं की वाटतं, बघा, जमलं की!

आणि कधी निभावत नाही. २२ मे २०१० ची मंगलोरची पहाट आठवा. ते छोटं विमान नव्हतं, पण गोष्ट हीच. विमान खूप उंचावरून आणि वेगात येत होतं. को-पायलटने तीनदा गो-अराउंड सुचवलं. कॅप्टनने लँडिंग सोडलं नाही. १५८ माणसं गेली.

हे वाचताना तुम्हाला कुणी ओळखीचं आठवलं का? मला आठवलं. प्रोजेक्ट फसतोय हे सगळ्या टीमला माहीत असतं, पण क्लायंटला तारीख दिलेली असते. लग्न ठरलंय, हॉल बुक झालाय, आणि मुलीच्या मनात सहा महिन्यांपासून 'नको' आहे. रात्री दोन वाजता डोळे मिटत असताना आपण गाडी चालवतो, कारण लोणावळा तर गेलं, आता कितीसं राहिलं? 'आलोच आहोत तर...' हे तीन शब्द फार महाग आहेत. ठिकाण जितकं जवळ दिसतं, तितकं परत फिरणं अवघड होतं. धावपट्टी तर समोर शंभर मीटरवर असते.

संध्याकाळी टपरीवर चहा घेताना मी दादाला विचारलं, "तू का नाही गेलास परत वर?"

त्याने ग्लास दोन्ही हातांत धरला होता. "पहिल्या बाउन्सला मला कळलं होतं. सर शंभर वेळा सांगतात, उसळलं की पॉवर दे आणि जा. हात थ्रॉटलवरच होता." मग थांबला. "पण तिकडे सगळे उभे होते गं. बॅचची मुलं. एकवीस-बावीस वर्षांची पोरं, मला 'अंकल' म्हणतात. त्याच दिवशी सकाळी एकाने गो-अराउंड केला होता तर दिवसभर त्याची खेचत होते. आणि एक चक्कर म्हणजे किती पैसे, ते डोक्यात चालूच असतं. वाटलं, बसवून टाकू."

"आणि आईला काय सांगणार?"

"तेच तर. नोकरी सोडली, पैसे घातले, आणि आता हे." त्याने चहा संपवला. "परत वर जायला दोन सेकंद असतात. त्या दोन सेकंदांत मी लोकांचा विचार केला."

चौकट: छोट्या विमानात बसायची वेळ आलीच तर...

परदेशात फिरायला गेल्यावर जॉयराइड घेताय? मित्राला प्रायव्हेट लायसन्स मिळालंय? मग एवढं लक्षात ठेवा:

● 'आज पोचायलाच हवं' हे वाक्य पायलटसमोर उच्चारू नका. त्याच्यावरचं सगळ्यात मोठं ओझं तेच असतं.

● खांद्यावरचा पट्टा लावा, नुसता कमरेचा नको. लँडिंगच्या आपटीत डोकं वाचतं ते त्याने.

● शेवटच्या काही मिनिटांत गप्पा, फोटो, प्रश्न बंद. कुठे दुसरं विमान दिसलं तर मात्र लगेच सांगा.

● बॅग किंवा मोबाइल पायाशी, पेडल्सजवळ ठेवू नका.

● विमान उतरता उतरता परत वर गेलं तर घाबरू नका. उलट समजा, योग्य माणसाबरोबर आलोय.

सकाळी सात वाजून दहा मिनिटं

दुसऱ्या दिवशी सकाळी धावपट्टीच्या कडेला सर, मी आणि चहाचा थर्मास. विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारा तो नारिंगी-पांढरा कापडी मोजा, अर्धवट फुगलेला. सरांच्या हातात छोटा रेडिओ. आधी अर्धा तास ते स्वतः दादाबरोबर उडाले होते. मग खाली उतरून, दार लावून, त्याला म्हणाले, "जा. एक चक्कर. एकट्याने."

त्या अपघातानंतर पहिल्यांदाच.

विमान उडालं, डावीकडे वळलं, लांब ठिपका झालं. मागे बॅचची मुलं येऊन उभी राहिली. कुणी काही बोलेना. मी नखं खात होते. (अठ्ठाविसाव्या वर्षी!)

मग तो वळून समोर आला. दोन पंख आणि मधे एक दिवा. खाली, आणखी खाली. मला तर सगळं छान दिसत होतं. धावपट्टीच्या सुरुवातीवरून गेला, चाकं जमिनीपासून हातभर वर, आणि... तरंगायला लागला. टेकेना. विंडसॉकचं टोक फिरलं होतं, मागून वाऱ्याची झुळूक आली असावी. धावपट्टी सरकत होती. माझ्या डोक्यात एकच, टेक ना रे, टेक!

इंजिनाचा आवाज अचानक वाढला. नाक सावरलं, आणि विमान आमच्या समोरून, घरघरत, पुन्हा वर निघालं. रेडिओवर दादाचा आवाज, अगदी सपाट, "गोइंग अराउंड."

मी सरांकडे बघितलं. ते थर्मासचं झाकण उघडत होते. "चहा घ्या," म्हणाले. मागे एका मुलाने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. सरांनी मान वळवून नुसतं बघितलं. त्याने तोंड मिटलं.

सहा मिनिटांनी तो पुन्हा आला. या वेळी थोडा कमी वेग. मागची दोन चाकं टेकली, मग पुढचं, हलकेच. लँडिंग काही मासिकात फोटो छापावा असं नव्हतं. मधल्या रेषेच्या थोडं डावीकडेच होतं. विमान धावत गेलं, मंद झालं, थांबलं.

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी डोकावून बघितलं. लँडिंगबद्दल एक ओळ होती. वरती गो-अराउंडच्या पुढे बरोबरची खूण.

दादा चालत आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला. माझ्याशी काही बोलला नाही. थोडं बाजूला जाऊन त्याने फोन लावला. स्पीकर लावायची त्याची जुनी सवय, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"आई, एक सांगायचंय. मागच्या महिन्यात माझं एक लँडिंग बिघडलं होतं. विमानाचं बरंच नुकसान झालं. तुला सांगितलं नव्हतं."

बराच वेळ फक्त मागे कुकरची शिट्टी.

"लागलं होतं का?"

"नाही."

"आणि आज?"

"आज एकट्याने गेलो होतो. दुसऱ्या खेपेला उतरलो."

"पहिल्या खेपेला काय झालं?"

"जमत नव्हतं. परत वर गेलो."

"मग बरं केलंस," आई म्हणाली. "नाश्ता केलास का?"